कमळाकर भोईरचे पाच गुण

श्रुती जगदाळेच्या मानेत गाठ आहे आणि ती साधी नाही, हे कळलं तेव्हा अख्ख्या शिरवण्यात सगळ्यांत जास्त हळहळला तो तिचा घरमालक कमळाकर भोईर. श्रुती मूळची कराडची, चोवीस वर्षांची. तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत लॅबमध्ये कामाला होती आणि कमळाकरच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एकटी राहत होती. एके दिवशी हेल्मेटचा पट्टा आवळताना तिच्या बोटाला काहीतरी लागलं. आठ दिवसांत ती डॉक्टरकडे गेली, पंधरा दिवसांत गाठीचा तुकडा तपासून झाला आणि नाव कळलं, हॉजकिन लिम्फोमा. लसीकाग्रंथींचा कॅन्सर.

"पोरी, आपली गाडी हाय, ड्रायव्हर हाय," कमळाकर तिला म्हणाला. "हॉस्पिटलला रिक्षानं जायचं नाय. टेन्शन तर अजिबात घ्यायचं नाय."

हे तो मनापासूनच म्हणाला होता. पण मग ते त्याने गावकीच्या बैठकीत सांगितलं, आणि एपीएमसी मार्केटातल्या भाजीच्या गाळ्यांवर, जिथून त्याचे तीन टेम्पो माल उचलत, तिथेही सांगितलं. "बिचारी पोर," असं म्हणताना त्याचा आवाज भरून यायचा. देणाऱ्याच्या जागेवर उभं राहायला त्याला आवडायचं. त्याचे वडीलही गावात असेच उभे राहायचे.

त्याची बायको सुमित्रा हे सगळं मुकाट्याने ऐकत होती. एक दिवस दुपारी जेवताना कमळाकर नेहमीसारखा डाव्या हाताने पिंडऱ्या खाजवत होता. खाजवून खाजवून कातडी सोलवटली होती. सुमित्राने भाताचं पातेलं खाली ठेवलं.

"ती पोर आठ दिसांत गेली," ती म्हणाली. "तुमी किती महिने झाले?"

"कशाला किती महिने?"

"रोज संध्याकालचा ताप. रातची चादर पिलून काढावी लागते मना. पट्ट्याला दोन भोकं नवीन पाडलीव. आनि ही," तिने हात पुढे करून त्याच्या गळ्यातली सोन्याची जाड साखळी बाजूला सारली. गळ्याखालच्या हाडाच्या वर सुपारीपेक्षा मोठा गोळा होता. "ही काय साखली घासून आली?"

त्याने खरोखर तसंच सांगितलं होतं. सात महिने तो तसंच सांगत होता.

*

डॉक्टर सुनीती बारीक चणीच्या, हळू बोलणाऱ्या बाई होत्या. सगळे रिपोर्ट आल्यावर त्यांनी कमळाकर आणि सुमित्राला समोर बसवलं. आजार श्रुतीला होता तोच होता, पण यकृतापर्यंत आणि हाडांच्या मगजापर्यंत गेलेला. चौथा टप्पा.

"हा आजार बरा होतो," त्या म्हणाल्या. "चौथ्या टप्प्यातसुद्धा होतो. पण किती जोर लावावा लागेल याचा अंदाज घ्यायला आम्ही सात गोष्टी बघतो. प्रत्येकीला एक गुण."

"माझे किती?"

"पाच."

"सातात पाच? म्हंजे पास की," तो हसायला गेला.

"यात कमी मिळालेले चांगले, भोईर."

मग त्यांनी कागदावर लिहून दाखवलं. चौथा टप्पा, एक. रक्तातलं हिमोग्लोबिन साडेदहाच्या खाली, त्याचं नऊ पॉइंट आठ होतं. अल्ब्युमिन नावाचं प्रथिन असतं, तेही उतरलेलं. पांढऱ्या पेशींचे दोन गुण होते, ते मात्र त्याला लागले नव्हते. राहिलेले दोन वाचून त्याचं डोकंच फिरलं. वय पंचेचाळीस किंवा जास्त, एक गुण. पुरुष, एक गुण.

"बाप्या हाय म्हनून पन गुन?"

"हजारो पेशंटांचा हिशेब मांडला तेव्हा पुरुषांचं थोडं वाईट दिसलं. का, ते कुणालाच नीट माहीत नाही."

"आनि श्रुतीचे किती?"

"दुसऱ्या पेशंटबद्दल मी बोलत नाही," डॉक्टर म्हणाल्या.

ते श्रुतीनेच सांगितलं, परतताना, गाडीत. त्या दिवशी तीही तपासणीला आली होती, आणि तिला गाडीनेच न्यायचं हा कमळाकरचाच हुकूम होता. "मला ते सात गुण लावतच नाहीत, काका. ते पुढच्या टप्प्यांसाठी असतात. माझं दोनवर आहे, मान आणि छाती. छातीतली गाठ मोठी नाही, ताप नाही, वजन उतरलं नाही, ईएसआर अठ्ठावीस. मॅडम म्हणाल्या, अर्ली आणि फेवरेबल."

फेवरेबल. पाम बीच रस्त्यावरून गाडी नेरुळला वळेपर्यंत कमळाकर तो शब्द मनात घोळवत बसला. काल-परवापर्यंत ही बिचारी पोर होती. आता ती फेवरेबल होती आणि बिचारा तो होता. आणि ती त्याच्याच गाडीत, त्याच्याच एसीत, पाय पसरून बसली होती.

*

टप्पा बदलता येणार नव्हता आणि बाई होता येणार नव्हतं. राहता राहिलं वय. कागदोपत्री त्याची जन्मतारीख होती १ जून १९७९. गावातल्या निम्म्या माणसांची १ जूनच होती, कारण शाळेत नाव घालताना मास्तर ती सगळ्यांना वाटायचे. म्हणजे त्याला पंचेचाळीस पूर्ण होऊन जेमतेम दोन महिने झाले होते, आणि तेही मास्तरांच्या मर्जीने. खरी तारीख चार-सहा महिने पुढची निघाली तर एक गुण कमी. पाचाचे चार.

त्याची आई गोजराबाई ओट्यावर सुपात जवळा निवडत बसली होती.

"आय, मी नक्की कंदी झालो?"

"सक्रातीच्या आदी दोन दिस. तुजा बाप मिठागराव व्हता. सुईन आनायला मीच चालत गेलते."

"साल कुठलं?"

"साल मना काय ठाव? दामूची सुशी तुज्यापक्षी दोन महिन्यांनी ल्हान. तिला इचार."

सुशी दोन गल्ल्या पलीकडे नांदत होती. तिच्या आईचं बाळंतपण अवघड होतं म्हणून तिला पनवेलच्या दवाखान्यात नेलं होतं, त्यामुळे सुशीकडे खराखुरा दाखला होता. तिने तो ट्रंकेतून काढून दिला. मार्च १९७७.

कमळाकरने बोटं मोजली. पुन्हा मोजली. पंचेचाळीसचा चव्वेचाळीस व्हायला गेलेला माणूस सत्तेचाळीसचा होऊन घरी परत आला.

"शालंत उशिरा घातला तुला," गोजराबाई म्हणाली, "म्हनून मास्तरानं दोन वर्सं खाल्ली. तवा तूच खूस झालतास."

पुढच्या खेपेला त्याने ही गोष्ट डॉक्टरांना सांगितली. त्या हसल्या नाहीत. "पंचेचाळीस ही रेघ आम्ही मारलेली आहे, भोईर. तुमच्या रक्ताला ती दिसत नाही." कमळाकरला हे पटलं नाही. गावात तो जमिनीच्या हद्दी मोजण्यात वाढला होता. रेघेच्या कुठल्या बाजूला आपण आहोत यावर घरं उठतात आणि बसतात, हे त्याने पाहिलं होतं.

*

दोघांची केमोथेरपी एकाच आठवड्यात सुरू झाली. दर पंधरा दिवसांनी मंगळवार. एकाच लांब खोलीत ओळीने खुर्च्या, प्रत्येकीशेजारी सलाइनचा खांब. कमळाकरची शीर सापडायला तीन-तीनदा टोचावं लागायचं, श्रुतीची पहिल्या फटक्यात सापडायची. त्याला पहिल्या तासाभरातच मळमळायचं. ती कानात हेडफोन घालून मोबाइलवर काहीतरी बघत हसायची. शुक्रवारी ती तळोज्याला कामावर हजर असायची, आणि तो शुक्रवारीही भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा.

तो सगळं मोजायला लागला. तिचे केस किती गळले, तिचं हिमोग्लोबिन किती, ती किती घास जेवली. रिपोर्टची पाकिटं गाडीत मागच्या सीटवर शेजारी शेजारी पडलेली असत. एकदा सिग्नलला, तिला डुलकी लागलेली असताना, त्याने तिचं पाकीट उघडून बघितलं. बारा पॉइंट एक. त्याने ते होतं तसं परत ठेवलं.

त्यात घरातली माणसंही फितूर झाली. गोजराबाईला ती पोर फार आवडायची. तिच्यासाठी तांदळाची पेज वर जायची, ताज्या बांगड्याचं कालवण वर जायचं.

"माज्या वाटनीचा बांगडा पन तिलाच दिलास का?" एकदा तो ओरडला.

"तू खातंस कुठं?" आई म्हणाली. "तिच्या तोंडाला चव तरी हाय."

हे ऐकून त्याला जे वाटलं ते सांगण्यासारखं नव्हतं. सात वर्षांच्या मुलाला धाकट्या भावंडाबद्दल वाटावं तसं काहीतरी होतं ते, आणि माणूस तर गावकीचा पंच होता. आत खोल, त्याला हेही कळत होतं की राग बांगड्याचा नाही. ती आठ दिवसांत गेली होती. त्याला सात महिने होते, बायको सांगत होती, आरसा सांगत होता, पट्टा सांगत होता. श्रुतीकडे बघितलं की त्याला ते सात महिने दिसायचे.

तिसऱ्या मंगळवारी श्रुतीची आई वैजयंतीबाई कराडहून राहायला आल्या. शाळेत शिकवायच्या, साध्या सरळ बाई. दोघं आत खुर्च्यांवर असताना कमळाकरला उलटी झाली म्हणून नर्सने त्याचं सलाइन थोडा वेळ थांबवलं होतं, आणि तो बाहेर बाकावर येऊन बसला होता. वैजयंतीबाईंनी त्याला पाणी दिलं.

"भाऊ, तुम्ही हिंमत ठेवा हं," त्या म्हणाल्या. "आमच्या श्रुतीचं तर डॉक्टर म्हणतात लवकर आटपेल. पुढच्या वर्षी स्थळं बघायला हरकत नाही. पण तुम्ही पण खचू नका."

त्या आवाजातली कणव कमळाकरच्या चांगली ओळखीची होती. ती त्याची स्वतःची होती. तो महिनाभर गावभर वाटत फिरला होता, तीच आता त्याच्या हातात पाण्याच्या ग्लासाबरोबर कुणी ठेवली होती.

"ताई, एवढ्यात स्थळं बघू नका," तो म्हणाला. "फेवरेबलवाल्यांचं पन उलटतं. माझ्या बाजूच्या खुर्चीवर एक बसायचा, पंचविशीचा, ठाण्याचा. टप्पा दुसराच. सगळं चांगलं चांगलं म्हनत होते. गेला."

असा कुणी नव्हता. बाजूच्या खुर्चीवर पहिल्यापासून ऐरोलीचे एक निवृत्त गृहस्थ बसायचे आणि ते ठणठणीत होते.

वैजयंतीबाईंच्या हातातल्या बाटलीचं झाकण खाली पडलं. त्यांनी ते उचललं, पुसलं, आणि बराच वेळ बाटलीला लावत बसल्या.

*

दोन महिन्यांनी दोघांचा पेट स्कॅन एकाच दिवशी झाला. औषधाला गाठी कसं उत्तर देतात ते त्यात दिसणार होतं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आधी कमळाकरला बोलावलं.

"भोईर, फारच छान," त्या म्हणाल्या आणि पहिल्यांदाच हसल्या. पडद्यावर जुनं चित्र आणि नवं चित्र शेजारी होतं. जुन्यात पोट, छाती, मान दिवाळीतल्या रोषणाईसारखी पेटलेली. नव्यात काही नाही, सगळं विझलेलं. "औषधं पूर्ण सहा फेऱ्या, म्हणजे बारा मंगळवार, घ्यायचीच आहेत. पण आजपुरतं हे सगळ्यांत चांगलं उत्तर आहे."

"आनि ते पाच गुन?"

"ते सुरुवातीचे. हे उत्तर त्यांच्यापेक्षा मोठं."

सुमित्रा तिथेच रडायला लागली. कमळाकर बाहेर आला, भावाला फोन लावायला लागला, तेवढ्यात श्रुती आणि तिची आई आत गेल्या. त्या बाहेर आल्या तेव्हा फोन अजून त्याच्या कानालाच होता. श्रुतीने फाइल छातीशी धरली होती.

"काय झालं?" सुमित्राने विचारलं.

"छातीतली अजून चमकतेय," श्रुती म्हणाली. "औषध बदलावं लागणार. जास्त कडक. अॅडमिट होऊन."

एक श्वास, फक्त एक श्वास घेण्याइतका वेळ, कमळाकरच्या मनात एकच शब्द आला. जिंकलो. मग श्रुतीची बोटं फाइलच्या कडेवर पांढरी पडलेली त्याला दिसली, आणि त्याला स्वतःची इतकी किळस आली की तो फोन चालू ठेवूनच जिना उतरून गाडीपाशी जाऊन उभा राहिला.

दोन दिवसांनी वैजयंतीबाई खाली आल्या. कमळाकर बाहेरच्या खोलीत एकटाच होता.

"भाऊ, एक काम होतं," त्या म्हणाल्या. हातात वही-पेन होतं. "तुम्ही सांगितलं होतं ना, तो ठाण्याचा मुलगा. त्याच्या घरच्यांचा नंबर मिळेल का? श्रुतीला आता जी औषधं देणार आहेत, ती त्यालाही दिली होती का, किती उशिरा दिली, विचारायचं होतं. म्हणजे मला तयारीत राहता येईल."

कमळाकरने पाणी मागवलं असतं, पण घरात कुणी नव्हतं. नंबर हरवला, असं सांगता आलं असतं. पेन उघडून उभ्या असलेल्या त्या बाईसमोर ते जमलं नाही.

"ताई, तसा कोनी नव्हता."

"म्हणजे?"

"मी बनवून सांगितलं."

त्यांना समजायला वेळ लागला. मग त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "दोन महिने मी झोपले नाही, भाऊ," त्या म्हणाल्या. "त्या मुलाच्या आईचा विचार करत होते." आणि आवाज न चढवता वर निघून गेल्या. दुसऱ्या दिवसापासून त्या दोघी रिक्षाने हॉस्पिटलला जायला लागल्या. गाडी दारात उभी असायची.

*

अॅडमिट व्हायच्या आदल्या संध्याकाळी श्रुती स्वतःच खाली आली. गोजराबाई देवळात गेली होती. कमळाकर ओट्यावर बसला होता, ती जरा अंतर ठेवून बसली.

"आईने सांगितलं मला," ती म्हणाली.

"चुकलं, पोरी. पाया पडावं असं चुकलं."

"पाया नका पडू. मला तुमच्यावर ओरडायचं होतं म्हणून आले." तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "पण खरं सांगू? तो मुलगा आईला लागला तेवढा मला नाही लागला. मला तुमचा रिपोर्ट लागला. मी आठ दिवसांत डॉक्टरकडे गेले, काका. सगळं बरोबर केलं. तुम्ही सात महिने खाजवत बसलात. तुमच्याकडे पाच, माझ्याकडे एकही नाही. आणि क्लीन कोण? तुम्ही!"

कमळाकरचा हात पिंडरीकडे गेला आणि मध्येच थांबला.

"मी मॅडमना विचारलं, आमचे स्कॅन अदलाबदल तर झाले नाहीत ना. दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा त्यांनी माझेच दोन्ही फोटो, जुना आणि नवा, काढून मला दाखवले. माझा सांगाडा दाखवला. तुमचा पण दाखवतील असं वाटलं, पण नाही दाखवला."

"मी असतो तर तीनदा विचारलं असतं," कमळाकर म्हणाला.

ती हसली. हसता हसता तिचं तोंड वाकडं झालं आणि ती ओढणीत रडली. त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला नाही. आपल्याला तो हक्क आहे असं त्याला वाटलं नाही. पण तो उठूनही गेला नाही.

"मॅडम काय म्हनाल्या, असं का झालं?" तिचं रडणं ओसरल्यावर त्याने विचारलं.

"म्हणाल्या, ते गुण शंभर माणसांबद्दल सांगतात. त्या शंभरातली मी कोण, ते नाही सांगत." तिने नाक पुसलं. "मला तुमचा राग येणार अजून काही दिवस. सांगून ठेवते."

"येऊ दे," तो म्हणाला. "मना तुजा किती आला ते तर तुला म्हाईतच नाय."

नवी औषधं खरंच कडक निघाली. राहिलेले सगळे केस गेले, तोंड आतून सोललं, रक्तातल्या पेशी इतक्या उतरल्या की तिला काचेच्या खोलीत ठेवावं लागलं. बाहेरचं काही चालत नव्हतं, म्हणून गोजराबाई रोज नुसती पेज करायची आणि स्वतःच पिऊन टाकायची. कमळाकरच्या फेऱ्या चालू होत्या. श्रुतीच्या वॉर्डातून वैजयंतीबाई येता-जाता दिसायच्या, पण त्या त्याच्याकडे बघायच्या नाहीत. तो तरी कुठल्या तोंडाने हाक मारणार होता?

मग श्रुतीला छातीवर रेडिएशन सुरू झालं, रोज सकाळी, आठवड्याचे पाच दिवस. एका सकाळी रिक्षांचा संप होता. वैजयंतीबाई खाली आल्या आणि दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "गाडी आहे का?" तेवढंच. कमळाकरने ड्रायव्हरची वाट बघितली नाही, स्वतःच चावी घेऊन उठला. जाताना वैजयंतीबाई खिडकीबाहेर बघत बसल्या. परतताना वैजयंतीबाईंनी विचारलं, "तुमच्या किती फेऱ्या राहिल्या?" तो म्हणाला, "एक." त्या म्हणाल्या, "बरं." दुसऱ्या दिवशी संप मिटला होता, पण त्या पुन्हा गाडीपाशी येऊन उभ्या राहिल्या.

कमळाकरच्या सहाही फेऱ्या झाल्या. शेवटचा स्कॅन कोरा आला. एका औषधाने छातीला थोडा त्रास दिला, दम लागायला लागला. हा दम हळूहळू कमी होईल, असं डॉक्टर म्हणाल्या. गावाने सत्यनारायण घालायला सांगितलं. त्याने श्रुतीच्या निकालापर्यंत थांबायचं ठरवलं, आणि का थांबतोय ते कुणाला सांगितलं नाही, कारण ते त्यालाही पक्कं माहीत नव्हतं.

एप्रिलमध्ये, दुपारी अडीचच्या सुमाराला, श्रुती आणि तिची आई रिपोर्ट घेऊन आल्या. कमळाकर दारात खुर्ची टाकून बसला होता. आपल्याला काय ऐकायचं आहे हे तो सकाळपासून स्वतःला विचारत होता आणि उत्तराची त्याला भीती वाटत होती.

"काका," श्रुती गेटमधूनच म्हणाली, "क्लीन!"

छातीतून काहीतरी मोठं सुटल्यासारखं झालं त्याला. त्याने पाहिलं, तो आनंदच होता, निव्वळ आनंद, आणि तो न बोलावता आला होता. त्याच्या डोळ्यांना पाणी आलं. वैजयंतीबाईंनी पिशवीतून कंदी पेढ्यांचा पुडा काढून पहिला पेढा त्याच्या हातावर ठेवला.

"आजी कुठेय? आजीला सांगते," म्हणत श्रुती जिन्याकडे धावली. गोजराबाई गच्चीवर पापड वाळत घालत होती. कमळाकरही मागोमाग निघाला. पहिला मजला चढला. दुसऱ्यावर त्याचा श्वास भरून आला आणि कठडा धरून तो पायरीवर बसला. वर श्रुतीची पावलं चौथ्या मजल्यावरच्या गच्चीत पोचली होती, धाप नाही, थांबणं नाही, आणि मग गोजराबाईचा आनंदाने चिरकलेला आवाज ऐकू आला.

एवढ्या रेडिएशननंतर ही पोर चार मजले चढलीसुद्धा, असं त्याच्या मनात आलं, आणि ती ओळखीची चुरचुर उठली. बारीकशी होती. त्याने ती ओळखली, तिला तिथेच बसू दिलं, आणि श्वास जागेवर आल्यावर उरलेले दोन मजले चढायला उठला.